उकंड्याची ऊब

कुरुंदा, तालुका वसमत,
जिल्हा हिंगोली (नीट वाच, हिंगोली)
माघ महिना, सन २००४

प्रिय ऐश्वर्या,

तुझं डोकं जागेवर आहे ना, पोरी? पाकिटावर कुरुंदा बराबर लिहिलंस, वसमत बराबर लिहिलंस आणि जिल्हा लिहिलास परभणी. आपला जिल्हा हिंगोली होऊन पाच वर्षं होत आली. तेव्हा तुझ्याच बापानं पेढे वाटले होते आणि त्यातले चार तू एकटीनं खाल्ले होतेस. पेढ्यांची चव लक्षात असेल, जिल्हा मात्र विसरलीस. तुझं पत्र बिचारं परभणीची जत्रा फिरून अकराव्या दिवशी माझ्या ओट्यावर येऊन पडलं. पोस्टमन म्हणाला, आजी, तुमची नात पुण्याला शिकली ना? मी म्हटलं, शिकली म्हणून तर चुकली, माझ्यासारखी अडाणी असती तर पाकिटावर काहीच लिहिलं नसतं.

हे पत्र अंगणवाडीची सखुबाई लिहून राहिली. लेकरांना खिचडी वाटून झाली की ती माझ्याकडं येते. मी बोलते, ती लिहिते. माझं बोलणं जरा धुऊन-पुसून लिहिते, म्हणून तुला वाचताना वाटेल की आजी सुधारली. तसं काही न्हाई. वरचं ‘प्रिय’सुद्धा तिनंच घातलंय. मी सुरुवातीला दुसराच शब्द सांगितला होता, तर हिनं पेन खाली ठेवलं. पोटुशा पोरीला असं लिहू नये म्हणे. बरं बाई, म्हटलं, तो शब्द शेवटी लिही, तोवर तुझं मन वळवते. तू म्हणशील, फोन काहून केला न्हाई. दुकानातल्या त्या लाल डब्यात रुपया टाकला की गोष्ट सुरू व्हायच्या आधीच तो टुकटुक करायला लागतो, आणि मागं उभी असलेली चार माणसं कान देऊन ऐकतात. मला जे सांगायचंय ते टुकटुकीत मावणार न्हाई.

तुझ्या पत्रात दोनच प्रश्न होते. सखुबाईनं तीनदा वाचून दाखवलं, म्हणून पाठ झालेत. एक, आजी, तुझ्या नावाचा अर्थ काय आणि ते आलं कुठून. दोन, आजी, चैत्रात माझ्या बाळंतपणाला पुण्याला येशील ना. पुण्याला यायचं मी दोन वर्षं टाळून राहिले. कधी गुडघे दुखतात म्हणाले, कधी हळद काढायला आली म्हणाले. गुडघे खरंच दुखतात आणि हळदही खरंच काढायला आली आहे, पण ते कारण न्हाई. कारण सांगायला मला पहिल्या प्रश्नापासून निघावं लागेल. घाई करू नको. सातव्या महिन्यात बाईनं पाय वर करून पडावं आणि म्हातारीचं ऐकावं.

तू लिहिलंस की ओटी भरायला आलेल्या बाया म्हणाल्या, मुलगी झाली तर पणजीचं नाव ठेवा, काय नाव आहे पणजीचं? तू तोंडातल्या तोंडात ‘उकंडाबाई’ म्हणालीस, तर एकीनं विचारलं, हे नाव आहे की शिवी? मग तू हसून म्हणालीस, न्हाई हो, उज्ज्वला, उज्ज्वला म्हणाले मी. आणि त्यानंतर तुला जेवण गेलं न्हाई. अगं, जेवायचं सोडू नको एवढ्यासाठी. उज्ज्वला! मी सखुबाईला म्हटलं, मला दोन दिवस उज्ज्वला म्हणून हाक मार, बघू कसं वाटतं. दोन दिवस मी एकदाही ओ दिली न्हाई.

माझं नाव असंच एकदा बदलून झालंय. रझाकाराच्या आधी दोन-तीन वर्षं माझं लग्न झालं. सासूबाईंना नाव खपलं न्हाई. ताटात तांदूळ पसरले आणि तुझ्या आजोबाला, सटवाजीला, सांगितलं की अंगठीनं ‘लक्ष्मी’ लिही. त्याला तरी कुठं लिहिता येत होतं. भटजीनं त्याचा हात धरून तांदळातून फिरवला, नांगरासारखा. पण घरात लक्ष्मी नावाची गाय आधीपासून होती. सटवाजी अंगणातून लक्ष्मे म्हणून हाक मारायचा, मी ऐकून सोडून द्यायचे आणि गोठ्यातून गाय हंबरायची. पंधरा दिवस हे चाललं. मग तो माणूस कंटाळला आणि एका सकाळी त्यानं उकंडा म्हणून हाक मारली. मी हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर पळाले. पुढं तुझ्या लहानपणी गावात साक्षरतेचा वर्ग निघाला होता. मास्तरनं पहिल्याच दिवशी फळ्यावर माझं नाव काढलं आणि म्हणाला, हे बघा, हे तुम्ही. ते ‘उ’ मला विंचवानं नांगी वळवावी तसं दिसलं. म्हटलं, हे नाव जन्मभर अंगावर वागवलंय, आता हाताला काहून चाववून घेऊ. तिथंच माझं शिक्षण संपलं.

तर अर्थ. उकंडा म्हणजे उकिरडा. पुस्तकात उकिरडा, आमच्या तोंडात उकंडा. खळ्यापलीकडं शेण, राख, झाडलोट, खरकटं नेऊन टाकतो तो ढीग. म्हणजे त्या बाईचं काही चुकलं न्हाई. शिवीच आहे ती. नको असलेल्या माणसाला म्हणतात ना, जा, पड उकंड्यावर, ती. आणि तू विसरलीस याची मला मौज वाटते, कारण दिवाळीत घरादाराला दिवे लावून झाले की शेवटची पणती उकंड्यावर नेऊन ठेवायचं काम तुझंच होतं. एका हातानं परकर धरायचीस, दुसरा हात ज्योतीपुढं आडवा, आणि श्वास रोखून चालायचीस. एकदा विचारलंस, आजी, घाणीला काहून दिवा? मी म्हणाले, ते माझं माहेर आहे. तू एवढी हसलीस की पणती विझली. पण मी खोटं बोलले नव्हते. ऐक आता.

माझ्या आईचं नाव जनकाबाई. माझ्या आधी तिला चार लेकरं झाली आणि चारही गेली. पहिला पाचवीच्या आत, दुसरी बारशाच्या दिवशी, उरलेली दोन नाव ठेवायच्या आधीच. गावातल्या बाया म्हणायच्या, जनकाबाईची लेकरं फार देखणी, म्हणून टिकत न्हाईत. पाचव्या दिवशी सटवाई येते, कपाळावर लिहिते, आणि एखादं लेकरू फारच आवडलं तर लिहायच्या ऐवजी उचलून नेते. मग यावर आपल्या माणसांनी उपाय काय काढला असेल? देवीशी भांडायचं न्हाई, नवस करायचा न्हाई. लेकरू असं करून टाकायचं की ते कोणालाच नको वाटेल. सटवाईनं वाकून बघावं आणि नाक मुरडून पुढं जावं. त्यासाठी लेकराला उकंड्यावर टाकायचं, मागं वळून न बघता घरी यायचं, दुसऱ्या घरच्या बाईनं ते उचलायचं आणि आईनं ते तिच्याकडून विकत घ्यायचं. त्या दिवसापासून ते विकत घेतलेलं लेकरू, पोटचं न्हाई. आणि नाव तेच, उकंडा. पोरगा असला तर उकंडजी, पोरगी असली तर उकंडाबाई. काही घरी कोंड्याच्या सुपात लोळवतात, त्याचा होतो कोंडीबा.

मी जन्मले ती पौषातल्या पहाटे, आणि निळी. रडले न्हाई. सुईणीनं उलटं धरलं, पाठ चोळली, तरी न्हाई. माझी आजी, बापाची आई, नानीबाई तिचं नाव. ती म्हणाली, पाचवीपर्यंत थांबलो तर टाकायला काही उरणार न्हाई, आत्ताच नेते. तिनं मला जुन्या लुगड्यात गुंडाळलं, सुपात घातलं आणि त्या थंडीत उकंड्यावर नेऊन ठेवलं. आणि मागं वळून न बघता आली. मला उचलायला शेजारच्या कोंडीबाची बायको ठरली होती. तो कोंडीबा स्वतःच कोंड्यात लोळवून जगलेला, म्हणजे त्या घरची माणसं या कामातली जाणती. ती बाई दारात आली आणि जसं म्हणायचं असतं तसं म्हणाली, “उकंड्यावर घाण पडलीय. तुमची व्हय का?” माझी आई बाजेवर होती. तिला सांगून ठेवलेलं होतं की काय म्हणायचं, आणि ते तोंडदेखलं म्हणून भागत न्हाई, वरवर म्हटलं तर सटवाईला कळतं. आई म्हणाली, “आमची न्हाई.” कोंडीबाची बायको म्हणाली, मग घेता का विकत? आईनं एक भाकर दिली आणि मला घेतलं. आणि ऐश्वर्या, मी तेव्हा रडत होते. उकंड्यावर पडल्या पडल्या रडायला लागले होते. कोंडीबाच्या बायकोला मला शोधावं लागलंच न्हाई, आवाजावर आली ती.

आई पुढं मला म्हणायची, चार लेकरं पुरली तेव्हा लागलं न्हाई इतकं बळ मला ते दोन शब्द बोलायला लागलं. आणि ते दोन शब्द तिला पाच वर्षं रोज बोलावे लागले. पाच वर्षं मला कोणी जवळ घ्यायचं न्हाई, छान म्हणायचं न्हाई, नवं कापड घालायचं न्हाई. चार बायांत आई मला उकंडे म्हणून हाकलायची. मला वाटायचं, ही माझा खरंच राग राग करते. फक्त न्हाणीघरात डोक्याला तेल घालताना ती काही बोलायची न्हाई, आणि तिची बोटं इतकी हळू चालायची की मला झोप यायची. तोंड एक सांगतंय आणि बोटं दुसरंच, हे लेकराला कळतं, पण त्याचा अर्थ लागत न्हाई.

मला तो लागला सासरी आल्यावर, सतराव्या-अठराव्या वर्षी. माघच होता. हळदीच्या वावरात टाकायला आम्ही उकंडा फोडून राहिलो होतो. सकाळी एवढी थंडी की बैलांच्या नाकातून धूर. मी पहिला टिकाव मारला, वरचा वाळका थर निघाला आणि आतून भसकन वाफ आली. पांढरी. चुलीवरच्या तपेल्याचं झाकण काढल्यासारखी. मी आत हात घातला आणि पटकन ओढून घेतला, भाजला गं हात. खाली विस्तव न्हाई, वर ऊन न्हाई, आणि आत एवढी धग. बाजूला बघितलं तर एक कुत्री त्या ढिगाच्या पोटात खळगा करून पिलं घेऊन पडलेली, अख्ख्या गावात तेवढी एकच सुखात होती. मी तिथंच खाली बसले. सटवाजीला वाटलं काटा मोडला. मनात म्हटलं, मी निळी होते. पौष होता. आणि मला सगळ्यांनी मिळून फेकून दिलं ते गावातल्या सगळ्यात उबदार जागेवर.

आज शहात्तरावं चालू असेल, पण ती वाफ आठवली की अजून अंगावर काटा येतो. एका शिवीच्या पोटात केवढा विस्तव ठेवलाय कोणी. मी माहेरी गेले तेव्हा नानीबाई कधीच गेलेली. आईला विचारलं, आजीला माहीत होतं का गं की उकंडा गरम असतो? आई म्हणाली, मला काय ठाऊक. मग म्हणाली, सुईणीनं सांगितलं होतं की सासूबाईंनी लुगडं चौपदरी घडी करून घेतलं होतं, आणि सूप ठेवायच्या आधी उकंड्याचा वरचा थर पायानं बाजूला सारला होता. एवढंच. आता तू शिकलेली, तूच सांग. मला नावानं जगवलं की उबेनं? सटवाईनं नाक मुरडलं म्हणून मी राहिले, की एका म्हातारीला शेणाची रीत ठाऊक होती म्हणून? मी जन्मभर विचार करून राहिले, तरी उलगडलं न्हाई. त्या उकंड्याचं खत हळदीला जातं, हळद नवरीच्या अंगाला लागते, आणि नवरीला म्हणतात, उकंड्याला नावं ठेवू नको. कोणी लावली असेल ही घडी?

आता दुसऱ्या प्रश्नाकडं येते. सखुबाई, पाणी पिऊन घे.

दोन वर्षांमागं तुझी पहिली मुलगी आठव्या महिन्यात आली तेव्हा तुझ्या बापानं मला गाडीत घालून पुण्याला आणलं. तू खाटेवर होतीस आणि पोरगी दुसऱ्या खोलीत, काचेच्या पेटीत. मला हिरवा झगा घातला, पायातल्या चपला काढायला लावल्या. नर्स चांगली होती. म्हणाली, आजी, आत गरम असतं, आईच्या पोटात असतं तसं. मी पेटीला तळहात लावला. काच कोमट होती. आणि मी त्या खोलीत उभ्या उभ्या थरारले, कारण मला ती ऊब ओळखीची वाटली. बाहेर एवढं मोठं पुणं, एवढे डॉक्टर, तारा, दिवे, आणि मधोमध उकंडा. तोच. फक्त धुतलेला. मला वाटलं, नानीबाई, ये बघायला, तुझं सूप इथपर्यंत आलं.

तेव्हा मी तो शब्द म्हणायला पाहिजे होता. तोंडावर आला होता. उकंडे, घाणे, कोणाची गं तू, असं म्हणायचं होतं. पण तुझ्या सासूबाई शेजारी उभ्या होत्या, नर्स होती, आणि खोलीत शिरायच्या आधी तूच माझा हात धरून म्हणाली होतीस, आजी, इथं तसलं काही बोलू नको हं. तुझं काही चुकलं न्हाई. मलाही लाज वाटली. जन्मभर ज्या नावाची वाटली न्हाई त्याची त्या हिरव्या झग्यात वाटली. आणि मग माझ्या तोंडून काय निघालं ते तुला माहीत आहे. मी म्हणाले, सोन्याची बाहुली आहे गं, चंद्राचा तुकडा. सगळ्या खूश झाल्या. सासूबाई म्हणाल्या, किती गोड बोलतात तुमच्या आजी. नवव्या दिवशी पोरगी गेली.

इथं सखुबाईनं पेन थांबवलं. म्हणाली, आजी, त्या लेकराच्या काळजाला भोक होतं, डॉक्टरनं तसं लिहून दिलं होतं, तुम्हीच मला सांगितलंत, मग तुमच्या जिभेचा काय गुन्हा? हे मी असंच लिहीन, न्हाईतर पुढं लिहिणार न्हाई. लिही म्हटलं. तिचंच खरं असेल. ती वर्षाला चाळीस लेकरं काट्यावर तोलते, तिला जास्त कळतं. मी तिला उलट विचारलं, मग तू तुझ्या नातवाच्या गालाला काजळाची तीट काहून लावतेस? रुद्र नाव ठेवलंय एवढं दणदणीत, आणि त्याच्या गालावर डाग. ती हसली. म्हणाली, सवय म्हणून. मी म्हटलं, तीट म्हणजे काय, चिमूटभर उकंडाच की. तिच्या वहीत आयुष आहेत, रुद्र आहेत, पण परवा एक आई वजन करताना लेकराच्या कानात दगड्या म्हणून राहिली होती, हे तिनंच मला सांगितलंय.

म्हणून दोन वर्षं मी आले न्हाई. तुला तोंड दाखवायची तकलीफ होती. तू विचारलं न्हाईस, मी सांगितलं न्हाई. तू समजत होतीस आजी म्हातारी झाली, तिला प्रवास झेपत न्हाई. आजीला प्रवास झेपतो. तिला ती काच झेपत न्हाई.

आणखी एक राहिलं, आणि ते तुझा बाप सांगणार न्हाई, कारण तो मास्तर माणूस. तुझ्या आधी तुझ्या आईचा पोरगा तीन महिन्यांचा होऊन गेला होता. तू झालीस तेव्हा तुझ्या बापानं, रवींद्रनं, आधीच नाव ठरवून ठेवलं होतं. ऐश्वर्या. मी म्हटलं, एवढं मोठं नाव, लांबून चमकेल, कोणाच्याही नजरेत भरेल. तो म्हणाला, आई, हे असलं आता बंद. बरं म्हटलं. चौथ्या दिवशी तो सायकलवर शाळेत गेला आणि मी सूप काढलं. लुगडं चौपदरी घातलं. उकंड्याचा वरचा थर पायानं सारला. तुला ठेवलं आणि वळले. मागं बघायचं नसतं, आणि त्या वीस पावलांत मला कळलं की नानीबाईच्या पाठीला काय झालं असेल. शेजारणीनं तुला उचलून आणलं, तुझ्या आईनं भिंतीकडं तोंड करून ‘आमची न्हाई’ म्हटलं आणि भाकर दिली. आणि तेवढ्यात दारात सायकल. रवींद्र जेवणाचा डबा विसरून गेला होता, तुझं विसरणं त्याच्याकडूनच आलंय. त्यानं सूप बघितलं, तुझ्या टाळूला लागलेली शेणाची कणी बघितली, माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता घरातून काढतो. त्यानं वाकून तुझ्या टाळूचा वास घेतला, कणी बोटानं पुसली, डबा घेतला आणि गेला. शाळेच्या वहीत त्यानं ऐश्वर्या लिहिलं. मी माझ्या तोंडात उकंडी ठेवलं, पाच वर्षं, तू झोपलीस की. तेव्हा बाई, त्या बायांपुढं तू माझं नाव लपवलंस असं तुला वाटत असेल, तर ते तुझंही होतं.

तर अगं उकंडे (लिहिलं बाई सखूनं शेवटी, वरती हाच शब्द होता), हे पत्र मी लिहवून घेतलं ते विचारायला. मी येते. पण आले तर या वेळी गोड बोलणार न्हाई. लेकरू पेटीत असो की तुझ्या कुशीत, मी त्याच्याकडं बघून तोंड वाकडं करीन आणि सगळ्यांदेखत विचारीन, ही घाण कोणाची? तेव्हा सासूबाई असोत, नर्स असो, तू लाजायचं न्हाई आणि रडायचं न्हाई. म्हणायचं, “आमची न्हाई.” दोनच शब्द. म्हणता येणार नसतील तर आत्ताच कळव, मी इथंच राहते आणि तुझ्यावर काही राग धरत न्हाई. कागदावर तुम्ही हवं ते नाव लिहा, उज्ज्वला लिहा, मी पेढा खाईन. डॉक्टर सांगतील ते सगळं बराबर करा, सुई चुकवू नका, मी काही त्याच्या आड येत न्हाई. मला फक्त उकंड्याची जागा द्या. आणि जावईबापू पुढच्या महिन्यात मला न्यायला येतील तेव्हा लेकराची किंमत त्यांच्या हाती आधीच पाठव, म्हणजे तुझं उत्तर मला कळेल. एक भाकर. ज्वारीची, तुझ्या हातची. लग्नाआधी इथं थापायचीस तशी तीन कोपऱ्यांची झाली तरी चालेल, वाटेत वाळून कडक झाली तरी चालेल, मी दुधात भिजवून खाईन. पण शेजारणीकडून करून घेऊ नको, आणि गव्हाची पोळी तर पाठवूच नको, पोळीवर लेकरू मिळत न्हाई.

तुझीच,
उकंडाबाई
(खाली अंगठा आहे, शाई न्हाई, हळद आहे)